एमआयआरव्ही आणि आण्विक धाक: आधी विचारा, क्षेपणास्त्र उभं कुठे आहे

नागपूरच्या नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवा आणि यूपीएससी अशी दोन्हींची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "अग्नी-५ वर एमआयआरव्ही आलं, त्यामुळे भारताचा आण्विक धाक वाढला आणि स्थैर्य आलं, असं सगळ्या नोट्समध्ये आहे. शीतयुद्धाच्या प्रकरणात मात्र हेच तंत्रज्ञान अस्थैर्य वाढवणारं होतं असं लिहिलंय. दोन्ही बरोबर कसं? पहिला वापर न करण्याच्या धोरणाशी हे जुळतं का? २५० शब्दांत काय मांडू?"

दोन्ही नोट्स बरोबर आहेत. फक्त दोन्हींनी एक अट गाळली आहे. एमआयआरव्ही म्हणजे एकाच क्षेपणास्त्रातून अनेक स्फोटकाग्रं (टोकावरची अण्वस्त्रं) वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याचं तंत्र. त्यामुळे स्थैर्य येतं की जातं, हे वर किती स्फोटकाग्रं बसवली यावरून ठरत नाही. ते क्षेपणास्त्र उभं कुठे आहे आणि शत्रूला ते जागेवरच गाठता येतं का, यावरून ठरतं. ही अट हाताशी असली की उरलेलं उत्तर तिच्याभोवती आपोआप जुळतं.

माझी बाजू आधी सांगतो. हवाई दलात माझी नोकरी जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या देखभालीत गेली, त्यातली बरीचशी पिचोरा या जुन्या सोव्हिएत यंत्रणेवर. निवृत्तीनंतर नागपुरातच राहिलो आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना विज्ञान-तंत्रज्ञान आणि सुरक्षा शिकवतो. अण्वस्त्रांच्या ताफ्याशी माझा कधी संबंध आला नाही. या विषयात जे सांगतो ते सगळं उघड माहितीतलं. पण मी त्याकडे खालून बघतो: वरून येणारी वस्तू अडवायची कशी, या अंगाने. परीक्षेच्या पुस्तकांत ही बाजू जवळजवळ नसतेच.

आधी उड्डाण समजून घ्या. लांब पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची इंजिनं पहिली काही मिनिटंच जळतात. अग्नी-५ मध्ये घन इंधनाचे तीन टप्पे आहेत, आणि ते जळून संपले की पुढचा सगळा प्रवास म्हणजे हवेत भिरकावलेल्या दगडासारखा गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावरचा. फक्त इथे दगड वातावरणाच्या बाहेर शेकडो किलोमीटर वर जातो आणि परत येताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर असतो. या वेगाने नागपूर ते वर्धा हे अंतर १२-१३ सेकंदांचं. ५,००० किलोमीटरचा पूर्ण प्रवास २० मिनिटांच्या आसपास आटोपतो.

एकच स्फोटकाग्र असेल तर तिसरा टप्पा संपताना जी दिशा आणि जो वेग मिळाला, त्यावर लक्ष्य ठरून जातं. एमआयआरव्हीमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या पुढे आणखी एक छोटं यान असतं. त्याला स्वतःची छोटी इंजिनं आणि स्वतःची दिशादर्शन यंत्रणा असते. जाणकारांच्या बोलीत त्याला 'बस' म्हणतात, आणि वर्गात लगेच कोणीतरी एसटी डोळ्यांसमोर आणतं. तिथेच गल्लत होते. एसटी प्रत्येक प्रवाशाच्या गावापर्यंत जाते. ही बस कुठल्याच गावाला जात नाही. ती पोकळीत असतानाच स्वतःचा वेग आणि रोख किंचित बदलते, एक स्फोटकाग्र अलगद सोडते, पुन्हा थोडी वळते, दुसरं सोडते. सोडताना मिळालेला वेगातला तो बारीकसा फरक पुढच्या प्रवासात वाढत जाऊन शेकडो किलोमीटरच्या अंतरात बदलतो. नंतर त्या स्फोटकाग्रांना कोणी वळवत नाही.

अचूकता इतकी कठीण का, हे यातच आहे. सोडताना वेगात सेकंदाला १ मीटरची चूक राहिली आणि पुढे १५ मिनिटांचा प्रवास असेल, तर ९०० सेकंदांत ती चूक साध्या गुणाकारानेच जवळपास १ किलोमीटर होते. अग्नी-५ च्या मार्च २०२४ मधल्या एमआयआरव्ही चाचणीबद्दलच्या सरकारी निवेदनात 'स्वदेशी एव्हियॉनिक्स' आणि 'अत्यंत अचूक सेन्सर' यांचा खास उल्लेख होता तो याचसाठी. बातम्यांनी तो भाग गाळला आणि फक्त पल्ला छापला.

आपल्या पोरांना पीएसएलव्ही आठवतंच. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. मग एमआयआरव्हीत वेगळं काय, असा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. एका यानातून अनेक वस्तू क्रमाने, एकमेकींना धक्का न लावता सोडण्याची विद्या दोन्हीकडे लागते. पण ते १०४ उपग्रह जवळपास एकाच कक्षेत गेले आणि तिथेच राहिले. इथे प्रत्येक वस्तूला वेगळी वाट द्यायची असते, ती वातावरणात परत आणायची असते, आणि परत येताना ३,००० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान सोसून आतलं यंत्र शाबूत ठेवायचं असतं. हे उष्णतेचं कवच कार्बनच्या संमिश्रांचं असतं. त्याशिवाय वजनाचा हिशेब आहेच. बस, तिचं इंधन, प्रत्येक स्फोटकाग्राचं स्वतंत्र कवच, हे सगळं त्याच मर्यादित भारात बसवायचं. म्हणून ज्या देशाला स्फोटकाग्र लहान करता येत नाही, त्याला एमआयआरव्ही परवडत नाही.

गोंधळाचा आणखी एक मुद्दा इथेच संपवू. अमेरिकेच्या पोलारिस ए-३ या पाणबुडी-क्षेपणास्त्रावर १९६० च्या दशकातच तीन स्फोटकाग्रं होती, पण ती एकाच लक्ष्याभोवती पडत. ती एमआरव्ही. वेगवेगळी लक्ष्यं गाठणारी एमआयआरव्ही. आणि स्फोटकाग्र शेवटच्या टप्प्यात स्वतः वळत असेल तर ते तिसरंच प्रकरण, एमएआरव्ही. वातावरणात परतताना ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेग असतो म्हणून अग्नी-५ ला 'हायपरसॉनिक क्षेपणास्त्र' लिहू नका. तो वेग लांब पल्ल्याच्या प्रत्येक बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला असतोच. हायपरसॉनिक म्हणून आज जी चर्चा आहे ती वातावरणात राहून, वळत-वळत जाणाऱ्या शस्त्रांची.

आता माझ्या बाजूने बघा. हवाई संरक्षणात एका लक्ष्यावर एकच क्षेपणास्त्र सोडून स्वस्थ बसता येत नाही. खात्रीसाठी सहसा दोन सोडावी लागतात. रडारला एका वेळी किती लक्ष्यांचा माग ठेवता येतो याला मर्यादा असते, लाँचरवर किती नळ्या भरलेल्या आहेत याला मर्यादा असते, आणि वेळेला तर सगळ्यात जास्त. समोरून एक क्षेपणास्त्र निघालं आणि अर्ध्या वाटेत त्याची पाच स्फोटकाग्रं झाली, तर मला दोनऐवजी दहा क्षेपणास्त्रं लागतील. त्यात बसने सोबत काही फसवे तुकडे सोडलेले असतील तर हिशेब आणखी बिघडतो, कारण पोकळीत हवेचा विरोध नसल्यामुळे हलकं फसवं आणि जड खरं एकाच वेगाने चालतात. हल्ला करणाऱ्याचा वाढीव खर्च थोडा, अडवणाऱ्याचा अनेक पट. बस जोवर रिकामी झालेली नाही तोवर, म्हणजे अगदी सुरुवातीला, तिला पाडलं तर सगळंच पडतं. पण त्यासाठी तुमचं शस्त्र शत्रूच्या प्रदेशाजवळ, पहिल्या काही मिनिटांत हजर हवं. ते कोणाला जमतं?

एमआयआरव्ही जन्माला आलं त्यात या हिशेबाचा मोठा वाटा होता. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारायला घेतली. अमेरिकेचं उत्तर होतं मिनिटमन-३: प्रत्येकी तीन स्फोटकाग्रं, १९७० पासून सेवेत. पुढच्याच वर्षी पाणबुड्यांवर पोसायडन आलं. मग २६ मे १९७२ ला दोन करार झाले. एबीएम कराराने क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घातली. त्याच दिवशीच्या सॉल्ट-१ अंतरिम कराराने लाँचरची संख्या गोठवली. स्फोटकाग्रांची गोठवली नाही! म्हणजे ज्या ढालीसाठी ही तलवार घडवली ती ढाल करारात बांधली गेली, आणि तलवार मात्र मोकळीच राहिली. लाँचर तेवढेच ठेवून प्रत्येकावर जास्त स्फोटकाग्रं चढवणं हे दोन्ही देशांना कायदेशीर आणि स्वस्त झालं. सोव्हिएत बाजूने नाटोच्या भाषेत एसएस-१८ नावाचं अजस्र क्षेपणास्त्र आणलं, एकावर १० स्फोटकाग्रं.

आता तो हिशेब, जो मी फळ्यावर दरवर्षी करून दाखवतो. दोन देश घ्या. दोघांकडे १००-१०० क्षेपणास्त्रं, सगळी जमिनीतल्या पक्क्या सायलोंमध्ये (क्षेपणास्त्र उभं ठेवायच्या विहिरींमध्ये), प्रत्येकावर एकच स्फोटकाग्र. सायलोची जागा उपग्रहाने केव्हाच टिपलेली असते, पण तो काँक्रीटचा असल्यामुळे खात्रीसाठी एका सायलोवर दोन स्फोटकाग्रं लागतात असं धरा. पहिल्या देशाने सगळी १०० झाडली तर दुसऱ्याची ५० नष्ट होतात आणि ५० उरतात. हल्ला करणारा रिकामा, ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्याकडे ५०. असा हल्ला कोण करेल? आता प्रत्येक क्षेपणास्त्रावर १० स्फोटकाग्रं चढवा. पहिल्या देशाने फक्त २० क्षेपणास्त्रं झाडली की २०० स्फोटकाग्रं झाली, म्हणजे दुसऱ्याचे १०० च्या १०० सायलो संपले, आणि हल्ला करणाऱ्याकडे ८० क्षेपणास्त्रं शिल्लक. क्षेपणास्त्रांची संख्या दोन्हीकडे तितकीच, तरी ज्याने आधी हात उचलला तो जिंकतो. आणि हे दोघांनाही माहीत आहे, म्हणजे तणावाच्या रात्री दोघांच्याही मनात एकच विचार: आपण थांबलो तर आपलं जातं.

शीतयुद्धातली अस्थिरता म्हणतात ती ही. खरे आकडे घालून बघा. अमेरिकेकडे मिनिटमनचे १,००० आणि टायटन-२ चे ५४ असे १,०५४ सायलो होते. सोव्हिएत संघाकडे एसएस-१८ चे ३०८ लाँचर, १० स्फोटकाग्रांच्या हिशेबाने ३,०८०. प्रत्येक सायलोवर दोन मोजली तरी २,१०८ लागतात. म्हणजे कागदावर एकाच जातीची क्षेपणास्त्रं पुरून उरतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये जी घबराट उसळली तिच्या मुळाशी असलाच गुणाकार-भागाकार होता. प्रत्यक्षात अमेरिकेच्या पाणबुड्या समुद्रात सुरक्षित होत्या, त्यामुळे तो पहिला घाव कधीच निर्णायक ठरला नसता. माझ्या मते घबराट अतिरंजित होती. पण घबराटीने धोरणं ठरतात, हेही तेवढंच खरं.

छोट्या स्फोटकाग्रांबद्दल अजून एक गणित, कारण 'लहान म्हणजे कमी विनाश' असं विद्यार्थी सर्रास लिहितात. स्फोटाच्या दाबाने होणाऱ्या नुकसानीची त्रिज्या ढोबळमानाने शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. १ मेगाटनचा (१,००० किलोटनचा) एक स्फोट आणि १२५ किलोटनचे आठ स्फोट, एकूण शक्ती सारखीच. १२५ किलोटन म्हणजे आठवा भाग, त्याचं घनमूळ अर्धं, म्हणजे त्रिज्या निम्मी, क्षेत्रफळ एक चतुर्थांश. असे आठ असले की एकूण क्षेत्रफळ दुप्पट. तेवढ्याच शक्तीत दुप्पट प्रदेश उद्ध्वस्त. म्हणून मोठ्या बॉम्बची शर्यत पुढे मंदावली, आणि त्यामागे कोणाची दया नव्हती.

यातून बाहेर पडण्याचा प्रयत्नही झाला, आणि तो कसा फसला हे परीक्षेत हमखास गुण देणारं आहे. ३ जानेवारी १९९३ ला अमेरिका आणि रशियाने सही केलेल्या स्टार्ट-२ कराराने जमिनीवरच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांवर एमआयआरव्ही ठेवायलाच बंदी घातली होती. पाणबुड्यांवर मात्र परवानगी. हा भेद का, हे वरचा हिशेब समजला असेल तर सांगावं लागत नाही: खोल समुद्रातली पाणबुडी शत्रूला सापडत नाही, त्यामुळे तिच्यावर जास्त स्फोटकाग्रं असली तरी ती आधी उडवण्याचा मोह कोणाला होत नाही. पण हा करार अंमलात आलाच नाही. १३ जून २००२ ला अमेरिका एबीएम करारातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने स्टार्ट-२ सोडला. ढाल मोकळी झाली की तलवारही मोकळी होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. अमेरिकेने पुढे स्वतःहून मिनिटमन-३ वरची स्फोटकाग्रं एकेकावर आणली, ते काम २०१४ मध्ये पूर्ण झालं. न्यू स्टार्ट या पुढच्या अमेरिका-रशिया कराराने तैनात स्फोटकाग्रांची मर्यादा १,५५० ठेवली होती. त्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती, आणि रशियाने त्यातला सहभाग २०२३ मध्येच थांबवला होता.

चीनकडे अशी क्षमता आहे याची उघड खूण २०१५ ची: सप्टेंबरमधल्या बीजिंगच्या संचलनात डीएफ-५बी क्षेपणास्त्र दिसलं. २०१९ च्या संचलनात फिरत्या लाँचरवरचं डीएफ-४१. पाकिस्तानने २४ जानेवारी २०१७ ला अबाबील या एमआयआरव्ही क्षेपणास्त्राची चाचणी केली, पल्ला २,२०० किलोमीटर सांगितला, आणि कारण काय दिलं? शेजारची वाढती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा. म्हणजे आपली. भारताने २००६ पासून पृथ्वी एअर डिफेन्स आणि पुढच्या चाचण्या केल्या, त्याचं ते उत्तर. आपण ढाल चीन आणि पाकिस्तान दोघांकडे बघून घडवतो, पाकिस्तान त्यावर तलवार घडवतो, आपण चीनकडे बघून तलवार घडवतो आणि तीही पाकिस्तानला स्वतःकडे रोखलेली वाटते. तिघांच्या या गुंत्याला दोघांच्या शीतयुद्धाचा साचा नीट बसत नाही. उत्तरात हे एक वाक्य आलं की परीक्षकाला कळतं, पोट्ट्याने विचार केला आहे.

आता भारत. ११ मार्च २०२४ ला मिशन दिव्यास्त्र, ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या डॉ. एपीजे अब्दुल कलाम बेटावरून. प्रकल्पाच्या संचालक एक महिला शास्त्रज्ञ होत्या, हेही सरकारने तेव्हा सांगितलं. किती स्फोटकाग्रं होती हे सांगितलेलं नाही. वर्तमानपत्रांत तीनपासून बारापर्यंत आकडे फिरतात, उत्तरपत्रिकेत एकही लिहू नका. अग्नी-५ ची पहिली चाचणी १९ एप्रिल २०१२ ची. ३१ जानेवारी २०१५ ला तो पहिल्यांदा फिरत्या लाँचरवरच्या कॅनिस्टरमधून, म्हणजे बंद नळकांड्यातून, उडाला. माझ्या दृष्टीने या सगळ्या तारखांत सर्वात महत्त्वाची तीच, दिव्यास्त्रापेक्षाही. कॅनिस्टरमध्ये बंद क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं तयार राहतं, रस्त्याने कुठेही नेता येतं, आणि उडवायची तयारी थोडक्या वेळात होते. ज्याची जागा रोज बदलू शकते त्यावर दोन काय नि चार काय, स्फोटकाग्रं टाकणार कुठे? सप्टेंबर २०२५ मध्ये अग्नी-प्राइम रेल्वेवरच्या लाँचरवरून उडवलं गेलं, तेही याच विचारातलं.

म्हणून फळ्यावरचा सायलोचा हिशेब भारताला जसाच्या तसा लागू होत नाही. आपली क्षेपणास्त्रं फिरती आहेत. जोडीला पाणबुड्या आहेत: आयएनएस अरिहंतची पहिली प्रतिरोध-गस्त (आण्विक धाकासाठीची गस्त) पूर्ण झाल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं, आयएनएस अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला दाखल झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावरून ३,५०० किलोमीटर पल्ल्याच्या के-४ या पाणबुडी-क्षेपणास्त्राची चाचणी झाली.

धोरणाशी जुळतं का? ४ जानेवारी २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जाहीर केलेली भूमिका अशी: विश्वासार्ह किमान धाक, पहिला वापर नाही, भारताच्या भूमीवर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र पडलं तर प्रतिहल्ला प्रचंड आणि शत्रूला न सोसवणारा. जैविक किंवा रासायनिक अस्त्रांच्या मोठ्या हल्ल्यालाही अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे, हा अपवाद निम्मे विद्यार्थी विसरतात. जो देश पहिला घाव सोसून मग उत्तर देणार आहे, त्याच्याकडे घावानंतर थोडीच क्षेपणास्त्रं उरणार. त्या थोडक्यांना शत्रूची ढाल भेदून आत जायचं आहे. उरलेल्या दहावर एकेक स्फोटकाग्र असेल तर बचाव करणारा ती अडवण्याचा विचार तरी करेल. त्याच दहावर तीन-तीन असतील तर तो विचार सोडून देईल. एवढ्यापुरतं एमआयआरव्ही हे प्रतिहल्ल्याचंच शस्त्र आहे आणि 'पहिला वापर नाही' याला पूरक आहे.

पण इथे थांबू नका. दुसरी बाजूही तेवढ्याच ताकदीने लिहा. एक, 'किमान' या शब्दावर ताण येतो. सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६०० स्फोटकाग्रं होती. प्रत्येक क्षेपणास्त्रावर अनेक चढवायची तर आकडा वाढवावा लागतो किंवा क्षेपणास्त्रं कमी करावी लागतात, आणि दुसरा मार्ग मी तरी कोणाला निवडताना पाहिलेला नाही. दोन, कॅनिस्टरमध्ये स्फोटकाग्र आधीच जोडलेलं राहू शकतं. आपली जुनी सवय स्फोटकाग्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळं ठेवण्याची होती, त्यामुळे अपघाताने किंवा घाईने काही घडायला जागाच नव्हती. आता आज्ञा आणि नियंत्रणाची साखळी, म्हणजे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद ते स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड, हिच्यावरचा भार वाढतो. तीन, स्फोटकाग्रांच्या भरवशाचा प्रश्न. १९९८ च्या पोखरण चाचण्यांतल्या औष्णिक-आण्विक (हायड्रोजन बॉम्बच्या) उपकरणाची शक्ती अपेक्षेपेक्षा कमी भरली, असं त्या चाचण्यांतले संरक्षण शास्त्रज्ञ के. संथानम यांनी २००९ मध्ये उघडपणे म्हटलं, अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते खोडून काढलं. हा वाद इथे सोडवायचा नाही. पण लहान, हलकं आणि खात्रीचं स्फोटकाग्र हा एमआयआरव्हीचा पाया आहे आणि भारत १९९८ नंतरच्या स्वेच्छा चाचणीबंदीवर ठाम आहे, हे दोन मुद्दे शेजारी-शेजारी ठेवता आले पाहिजेत.

आणि चार, पाकिस्तानची भीती. चीनविरुद्ध १८० स्फोटकाग्रांनी पहिला घाव घालून त्याला निःशस्त्र करणं भारताला शक्य नाही, हे बीजिंगला कळतं. इस्लामाबादला मात्र अचूक एमआयआरव्ही, जोडीला चांगले उपग्रह आणि क्षेपणास्त्रविरोधी ढाल एकत्र दिसली की वेगळं चित्र दिसतं: भारत आधी आपला साठा उडवेल आणि उरलेलं ढालीवर झेलेल. आपल्या मनात ते नसेलही. पण धाक आणि भीती दोन्ही समोरच्याच्या डोक्यात घडतात, आपल्या निवेदनात नाही. १६ ऑगस्ट २०१९ ला पोखरणमध्ये राजनाथ सिंह म्हणाले की पहिला वापर न करण्याच्या धोरणाचं भविष्य परिस्थितीवर अवलंबून राहील. धोरण बदललं नाही, पण ते वाक्य पलीकडे कसं ऐकलं गेलं असेल याची कल्पना करा.

मग माझं मत काय? फिरत्या लाँचरवर आणि पाणबुडीवर, थोड्या संख्येत, चीनच्या ढालीला उत्तर म्हणून: स्थैर्याच्या बाजूचं. मोठ्या संख्येत, शत्रूच्या क्षेपणास्त्रांवरच रोखलेलं, अचूकतेचा डांगोरा पिटत: अस्थैर्याच्या बाजूचं. यंत्र तेच. परीक्षकाला 'एकीकडे-दुसरीकडे' असं लोंबकळणारं उत्तर नको असतं. अट सांगून निर्णय दिलात तर १५ पैकी चांगले गुण मिळतात.

२५० शब्दांची वाटणी करायची तर तंत्रज्ञानाला ६० च्या वर देऊ नका. बहुतेकांची अर्धी उत्तरपत्रिका अग्नी मालिकेच्या पल्ल्यांची यादी करण्यात जाते आणि प्रश्नात विचारलेला 'परिणाम' शेवटच्या दोन ओळींत कोंबला जातो. बस आणि स्वतंत्र लक्ष्य एवढं दोन वाक्यांत, एक छोटी आकृती, मग थेट सायलोचा हिशेब आणि स्टार्ट-२, मग भारत. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांच्या सवयीने तारखा ओतून भागत नाही.

पोटप्रश्न राहिले तेवढे उरकतो. एस-४०० अशा क्षेपणास्त्राला थांबवेल का? ती यंत्रणा विमानं, क्रूझ क्षेपणास्त्रं आणि कमी-मध्यम पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी आहे. आंतरखंडीय वेगाची स्फोटकाग्रं हा तिचा प्रांत नाही. युद्धात असं काही वापरलं गेलंय का? २१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र डागलं. त्यातून अनेक तुकडे वेगवेगळे पडले, पण त्यावर अण्वस्त्र नव्हतं. ब्रह्मोस यात येतं का? नाही, ते क्रूझ आहे, शेवटपर्यंत इंजिनावर उडतं.

अग्नी-५ आंतरखंडीय आहे का, हा मात्र चांगला प्रश्न. अमेरिका-रशिया करारांत सीमा ५,५०० किलोमीटरची आहे. भारत सरकार पल्ला '५,००० किलोमीटरहून अधिक' एवढाच सांगतं, आणि ऑगस्ट २०२५ च्या चाचणीच्या निवेदनात त्याला 'मध्यम पल्ल्याचं' गटातच ठेवलं होतं. चिनी तज्ज्ञांच्या तोंडचा ८,००० चा आकडा लिहायचाच असेल तर तो कोणाचा दावा आहे हे लिहून लिहा. पल्ल्याचा अर्थ कळायला घरी पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा लावून बघा. नागपूर ते बीजिंग सरळ अंतर साधारण ४,१०० किलोमीटर, शांघाय साधारण ४,३५०, इस्लामाबाद जेमतेम १,५००. ईशान्येच्या सीमेजवळ न जाता, देशाच्या पोटातून कुठूनही चीनचा पूर्व किनारा गाठता येतो, आणि लाँचर लपवायला अख्खा भारत मिळतो. हे फक्त भूमिती म्हणून सांगतोय, तैनाती कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. हाच दोरा अग्नी-प्राइमच्या २,००० किलोमीटरला लावा आणि कोणतं क्षेपणास्त्र कोणत्या शेजाऱ्यासाठी आहे ते स्वतःच ताडा. मग पल्ल्यांची यादी पाठ करायची गरज राहणार नाही.